न आलेल्या मशीनचे चाचा

मशीनचाचा व्हिडिओ गेमचं प्रत्येक मशीन आधी यथेच्छ शिव्या घालून मगच विकायचे. "घ्या साहेब, जपानी आहे. पोर चार दिवस खेळेल, मग माळ्यावर टाकेल. खरं मशीन अजून यायचंय!" असा दुकानदार अहमदीत दुसरा नव्हता, कुवेतभर शोधूनही सापडला नसता.

खरं म्हणजे विलायती. इराकच्या लढाईच्या आदल्या वर्षी एका इंग्रज साहेबाच्या बंगल्यात टीव्ही दुरुस्त करताना चाचांनी मासिकात त्याचं चित्र पाहिलं. वेल्समधली जॉयस्टिक बनवणारी कुठलीशी कंपनी ते काढणार होती. एकच हँडल, पण त्याचंच मोटारीचं स्टिअरिंग व्हायचं, मोटारसायकलचा दांडा व्हायचा आणि विमानाचाही! शिवाय हलणारी खुर्ची. चाचांनी ते पान मागून घेतलं, आणि रत्नागिरीजवळच्या गावी सुट्टीवर गेल्यावर सात वर्षांच्या लेकीला, रुखसानाला, दाखवून कबूल करून टाकलं, "पुढच्या खेपेला हेच आणतो." झालं! पोरीनं गावभर सांगितलं.

लढाई झाली, चाचांनी अरबी मालकाचं ते दुकान पुन्हा थाटलं, पण मशीन काही येईना. "माल बंदरात अडकला असेल," ते म्हणायचे. "आणि हापूस तरी काय दोन दिवसांत पिकतो?" आमचा मुलगा निनाद तोंडावर सांगायचा, "चाचा, इट्स नॉट कमिंग!" चाचा त्याला दुकानाबाहेर काढायचे आणि काढता काढता हातात चॉकलेट कोंबायचे.

मला राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. दर दोन वर्षांनी सुट्टीवर निघताना त्यांच्या खोक्यात अख्ख्या गावासाठी टॉर्च, ब्लँकेटं, बामच्या बाटल्या असायच्या. मशीन मात्र नाही.

"अहो, दुकानात इतकी पडलीत, एक उचला की!"

"जबान त्या मशीनची दिलीय साहेब. दुसरं नेलं तर बाप खोटा पडतो."

आता या माणसापुढे डोकं फोडायचं का?

सत्त्याण्णव साली कंपनीनं मला ट्रेनिंगसाठी इंग्लंडला पाठवलं. चाचांनी ते पान घडी करून माझ्या खिशात घातलं. तिथल्या एका दुकानातला म्हातारा विक्रेता ते बघून हसला. म्हणाला, हे प्रदर्शनात मांडलं होतं, तारखा पुढे पुढे गेल्या, कंपनीकडचा पैसा संपला, गाशा गुंडाळला. दुकानात ते कधी आलंच नाही.

परत येऊन मी चाचांना सगळं सांगितलं.

"म्हणजे लढाईत नाही अडकलं?"

"नाही चाचा. त्याआधीच बारगळलं होतं."

"मग मी पोरीला इतकी वर्षं काय सांगत होतो?" असं म्हणून ते स्टुलावर बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. थोडं खोटं बोललो असतो तर माझं काय बिघडलं असतं?

पण चाचा हार मानणाऱ्यांतले नव्हते. पंधरा दिवसांत जलीब वस्तीतल्या एका न्हाव्याची जुनी खुर्ची आली, भंगारातलं स्टिअरिंग आलं, खाली गाडीचा जॅक बसला. इंग्रजाला जमलं नाही ते चाचा करणार होते! पहिल्या चाचणीला मी बसलो आणि थेट कॅसेटच्या मांडणीवर जाऊन पडलो. "थोडं काम बाकी आहे," चाचा गंभीरपणे म्हणाले.

हे थोडं काम चार वर्षं चाललं. आणि मशीन पुरं झाल्याशिवाय घरी तोंड दाखवायचं नाही, अशी त्यांनी शपथ घेतली. एक सुट्टी गेली, दुसरीही चालली. घरून फोन यायचे. मी भांडलो, बायकोनं समजावलं, चाचा पाना घेऊन जॅकखाली.

शेवटी दोन हजार एकमध्ये खुर्ची गुण्यानं डुलायला लागली. चाचांनी ती जहाजानं पुढे पाठवली आणि आठ वेळा सामान मोजून विमानात बसले. दोन महिन्यांची सुट्टी होती. तिसरा महिना लागला तेव्हा मी फोन लावला.

"साहेब, स्टेशनावर रुखसाना जीप घेऊन आली होती. स्वतः चालवत! मी सगळ्या उतारांवर डोळे मिटून कलमा पढत होतो."

"आणि खुर्ची?"

"बसली ना! पोट धरून हसली. मला पण बसवलं." मग चाचाच पुढे म्हणाले, "नंतर म्हणाली, अब्बा, आता मला काही कबूल करू नका. आणायला म्हणून जाता, आणि मग तुम्हीच येत नाही."

मी परतीची तारीख विचारली.

"दुकानाच्या अरबी मालकाला तेवढं सांगा साहेब," चाचा म्हणाले. "मी नाही येत आता."