मुजीबभाई ‘हलू नका’ म्हणत नाहीत

मुजीबभाईंच्या दुकानात मी दर वेळी एखादी वस्तू आणायला जाते आणि किस्सा घेऊन येते. वस्तू बऱ्याचदा काउंटरवरच राहते. नांदेडात वजिराबादच्या एका गल्लीत त्यांचं हे दुकान आहे. जुने कॅमेरे घ्यायचे, साफसूफ करायचे आणि विकायचे, हा धंदा. विकायचं ते जरा कमीच करतात.

मी इंटिरिअरची कामं करते. किचन, फॉल्स सीलिंग, वॉर्डरोब असं सगळं. मोबाईलमधले माझे फोटो बघून एक क्लायंट म्हणाला, “म्याडम, काम चांगलं हाय तुमचं, पण फोटोत गोडाऊन वाटून राहिलं.” तेव्हा कॅमेरा घ्यायचं ठरवलं. हे झालं लोकांना सांगायचं कारण.

खरं कारण बाबा. बाबांनी आयटीआयमध्ये मुलांना लेथ मशीन शिकवलं. चार वर्षांपूर्वी त्यांना कंपवात झाला. तेव्हापासून आमच्या घरातल्या प्रत्येक फोटोत सगळे नीट येतात आणि बाबांच्या जागी पांढरा सदरा नुसता पुसल्यासारखा दिसतो. भावाच्या लग्नात तर ते फोटोच्या वेळी उठून मांडवाबाहेर जाऊन बसले. “मी हललो की तुमचा फोटो बिघडतो,” म्हणाले. मला त्यांचा एक तरी नीट फोटो पाहिजे होता.

* * *

पहिल्या दिवशी मी यूट्यूब बघून वहीत लिहिलेली यादी घेऊन गेले. मेगापिक्सेल, सेन्सर, कायकाय. मुजीबभाईंनी वही मिटून बाजूला ठेवली.

“बेटा, सगळ्यात लहान खोली कुठली काढायची?”

“बाथरूम,” मी म्हणाले. “पाच बाय सात.”

त्यांनी हातात कॅमेरा दिला आणि म्हणाले, “आता मागं मागं जा.” मी सरकत गेले आणि कपाटावर आदळले. वरून फ्लॅशचा रिकामा खोका डोक्यात पडला.

“पाठ टेकली. आता पुढचं किती दिसतं? अर्धा काउंटर. मग काय करणार, भिंत पाडणार?” असं म्हणत त्यांनी लेन्स बदलून वाईड लावली. अख्खं दुकान मावलं, चहाची किटली अन् दारातली माझी स्कूटीसुद्धा. “पाठ टेकल्यावर जी कामाला येते ती आपली लेन्स. बाकी सगळी जाहिरात.”

मी म्हणाले, मग हीच द्या. तर म्हणाले, “नक्को. आठ दिवस ने. चप्पलसुद्धा माणूस घालून बघतो.” पावती नाही, ओळखपत्र नाही. असा दुकानदार मी पाहिला नव्हता.

* * *

भोकरचे एक शेठ आले होते. नवं घर बांधलं होतं. “आमचा हॉल लई मोठा हाय. लेन्सबी मोठीच द्या. ती क्रिकेटच्या मॅचला असते न्हवं, तसली.”

मुजीबभाई हसले नाहीत. हातभर लांब लेन्स काढून दिली. शेठनी डोळा लावला आणि समोरच्या औषधवाल्याच्या दातांवरचे पानाचे डाग मोजून सांगितले. खूश झाले.

“साहेब, ही लांबचं जवळ आणते,” मुजीबभाई म्हणाले. “घरात लावली तर तुमच्या हॉलमधला फक्त एक स्विचबोर्ड येईल.”

शेठनी विचार केला आणि म्हणाले, “चालतंय की. स्विचबोर्डबी बाहेरून मागवलेत.”

* * *

वाईड घेऊन मी लातूरला गेले. एका मॉड्युलर किचनचे फोटो काढले. ओटा असा काही आला की माझा मलाच अभिमान वाटला. त्या घरच्या वहिनींना हौसेनं कडेला उभं केलं होतं. त्यांनी फोटो जवळ धरून बघितला.

“ओटा भारी आलाय,” त्या म्हणाल्या. “पण मला कुणी ओढलंय का एका बाजूनं?”

तोच फोटो बिलोलीच्या एका क्लायंटनं पाहिला आणि हट्टच धरला, मला एवढं मोठं किचन पाहिजे. त्यांचं किचन त्याच्यापेक्षा दोन फुटांनी मोठं होतं. टेप लावून दाखवलं तरी पटेना. टेपच खोटी आहे म्हणाले.

मुजीबभाईंना सांगितलं तर म्हणाले, “वाईडच्या कडेला फर्निचर ठेवायचं, माणूस न्हाई. फर्निचर तक्रार करत न्हाई.” मग कपाटातून एक छोटीशी लेन्स काढली, चहाच्या कपाएवढी. “घरच्यांसाठी ही. फिफ्टी.”

* * *

ह्या फिफ्टीवरून देगलूरचे एक गुरुजी भांडायला आले होते. ती उजेड भरपूर घेते, पण फोकस एका ठिकाणी असतो. मागेपुढे असेल ते धूसर. गुरुजींनी बायको आणि सासूबाईंचा फोटो काढला. बायको छान आली. सासूबाई मागं धुक्यात.

“घरात दोन दिवस झाले जेवण न्हाई,” गुरुजी म्हणाले. “लेन्स खराब हाय.”

“लेन्स एकाच माणसाकडं बघते, गुरुजी. कुणाकडं बघायचं ते तुम्ही सांगितलं.”

गुरुजींनी लेन्स परत पिशवीत घातली. दाराशी जाऊन म्हणाले, “हे त्यांना कसं सांगू?”

* * *

दुकानात लग्नाचे फोटो काढणारा संजू रोज चहाला असतो. त्याला सवय, “हलू नका, हलू नका!” असं ओरडायची. मुजीबभाईंना त्या शब्दाचा मनापासून राग. म्हणतात, हलू नका म्हटलं की माणूस आत जातो, बाहेर नुसता चेहरा राहतो.

एकदा उदगीरला संजूनं नवरदेवाच्या आजोबांना हलू नका म्हणून सांगितलं आणि पुढच्या ग्रुपकडं गेला. पंगत उठली तरी आजोबा खुर्चीत तसेच, हात गुडघ्यावर. सुनेनं विचारलं, जेवत का नाही? ओठ न हलवता म्हणाले, “त्यानं सोडलं न्हाई अजून.”

* * *

कॅमेरा घेतल्यावर मला एकच लेन्स परवडत होती. कामाची वाईड, की बाबांसाठी फिफ्टी? दोन महिने घोळ घातला. शेवटी मुजीबभाईंना बाबांचं सगळं सांगितलं. त्यांनी हातातला चहा बाजूला ठेवला. मग फिफ्टी माझ्या हातात दिली.

“ही विकत घे. वाईड कामाच्या दिवशी माझी ने. आणि ऐक, झोका टोकाला गेला की क्षणभर थांबतो न? हातबी तसाच थांबतो. तिथं बोट दाबायचं.”

रविवारी त्यांना लातूरला काम होतं, तर जवळच रेणापूरला आमच्या घरीच आले. सकाळचं ऊन दारातून आत येत होतं. बाबांना खुर्चीत बसवलं आणि आई त्यांच्या जरा मागं स्टुलावर बसली. बाबा उठायलाच निघाले. “तुम्ही काढा. मी अंगणात थांबतो.”

मुजीबभाईंनी कॅमेऱ्याचं नावच काढलं नाही. समोर मांडी घालून बसले. “साहेब, लेथवर फरक किती चालतो हो?”

बाबा थांबले, परत बसले. “फरक? केसाएवढाबी चालत न्हाई.” आणि तो केस दाखवायला त्यांनी दोन बोटं डोळ्यासमोर धरली. हात थरथरत वर गेला, टोकाला पोचला. मी बोट दाबलं.

आई तेवढा वेळ श्वास धरून बसली होती. तिच्या पायाला मुंग्या आल्या, तरी स्टुलावरून तसूभर सरकली नाही.

फोटो बघितला आणि मला रडूच आलं. बाबांची पापणी न् पापणी दिसत होती. दोन बोटं आणि त्यांच्या मधली केसभर फटसुद्धा. मागं आई धूसर.

बाबांनी कॅमेरा मागून घेतला. थरथरत्या हातात धरून बराच वेळ बघत राहिले. मग आईकडं वळले.

“बघ. मी न्हाई हललो. तू हललीस.”

आईनं एकदा फोटोकडं बघितलं, एकदा बाबांकडं.

“हाव,” ती म्हणाली. “मीच हलले.”