आधी लागलेलं मेण

मी चौथीपर्यंत शिकलो, त्यामुळे फिरवून लिहायला मला येत नाही. मार्केट यार्डाच्या बाहेर फुटपाथवर मी आणि माझी बायको तीसेक वर्षं बसलो. चेन बसवायची, बॅगा शिवायच्या, ट्रकवाल्यांच्या ताडपत्र्या जोडायच्या, पावसाळ्यात रेनकोट चिकटवायचे. शिलाई माझी, चिकटवणं दोघांचं आणि तपासणं तिचं. तिनं ओढून बघितल्याशिवाय एकही माल गिऱ्हाइकाच्या हातात गेला नाही. तिला जाऊन दीड वर्ष झालं. हत्यारांची पेटी मी घरी आणून पलंगाखाली सारली, त्यानंतर उघडली नव्हती.

उघडली ती मुलीसाठी.

मुलगी पाण्याखाली काम करते. धरणाच्या दारात खाली काय अडकलंय ते बघायचं, ओंडके काढायचे, झिजलेलं रबर बदलायचं, असलं काम. कोणी विचारलं तर मी म्हणायचो, पाण्याच्या कामावर आहे. लोकांना वाटायचं पाणीपट्टीची बिलं वाटते. वाटू दे. खरं सांगितलं की माणसं आधी तोंडाकडे बघतात आणि मग विचारतात, लग्न झालं का तिचं.

खालचं पाणी फार गार असतं म्हणे. त्यासाठी तिच्याकडे ड्रायसूट आहे. जाड रबरी कापडाचा अख्खा डगला, पायातल्या मोज्यांसकट. मानेला आणि मनगटाला रबरानं आवळलेला. आत शिरायला पाठीवर या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत एकच पितळी दातांची चेन. ती चेन धड असली की आतलं माणूस कोरडं. ती कडेनं सुटली की गार पाणी आत भरतं, हातपाय बधिर होतात, डगला भिजल्या पोत्यासारखा जड होतो, आणि माणसाचं वर येणं राहून जातं. हे मला मुलीनंच सांगितलं, पोहे खाता खाता.

त्या दिवशी तिनं तो सूट आणून पलंगावर टाकला. बिनडोक्याचं माणूस पालथं पडल्यासारखं दिसत होतं. मला ते बघवेना.

"बाबा, चेनचे दात गेलेत. नवीन आणलीय. तुम्ही बसवा."

"कंपनीकडे पाठव."

"बाहेरच्या देशात जातो तो. दोन महिने लागतात. पाऊस लागायच्या आत दार बघायचंय."

"मग नको जाऊस."

"मग कोण जाणार? तुम्ही?"

तोंड आईचं घेतलंय तिनं. मी म्हटलं, "अगं, मी ताडपत्र्या केल्यात. फार तर कांदे भिजले असते. हे जिवाचं काम आहे."

"तुमची ताडपत्री गळली असती तर त्या ट्रकवाल्यांनी तुम्हाला तीस वर्षं तिथं बसू दिलं असतं का?"

खरं सांगायचं तर बरं वाटलं. दीड वर्षात पहिल्यांदा कोणाला माझं काही काम पडलं होतं. तिथंच मी फसलो.

चिकटवायचं सोल्युशन आणायला रविवार पेठेत गेलो. रबराला लागणारं, पाण्यात न सुटणारं, दोन डब्यांतलं मिसळून लावायचं सोल्युशन मागितलं. दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाला, "आजोबा, पाणबुडी बांधताय का घरी?" मी म्हटलं, "नाही, दुकानदारांची तोंडं चिकटवायचीत." त्यानं मुकाट्यानं डबे काढले.

काम दुसऱ्या दिवशी सकाळी काढलं. मुलगी तिच्या साहेबांकडे कोथरूडला गेली होती. जुन्या चेनच्या कडेनं पेनानं रेघ मारून घेतली, म्हणजे नवीन तिरकी जाणार नाही. केस वाळवायच्या मशीननं गरम करत करत जुनी चेन सोलून काढली. तिच्याबरोबर सूटच्या कापडाची एक चिंधी निघाली, ती जपून ठेवली. जागा थिनरनं पुसली, काचपेपरनं घासली. सूटच्या आतून स्वयंपाकघरातला पाट सरकवला, म्हणजे खाली सपाट आधार. मग नवीन चेन हातात घेतली. कडक होती, रनर अडत होता. बायकोच्या फोटोपुढे वंदनेला मेणबत्ती लावतो, तिचा विझलेला तुकडा तिथंच होता. तो घेतला आणि चेनवर वरून खाली, खालून वर घासला, अंगठ्यानं दोन्ही कडांना पसरवला. रनर सुरेख पळायला लागला. तीस वर्षांत हजारो चेनींना असंच मेण लावलं, त्यामुळे हात आपोआप चालला. डोकं कुठं होतं कोणास ठाऊक.

मग चेनच्या कापडी पट्टीची जास्तीची कड कापली आणि सोल्युशनचे हात दिले. एक पातळ, वाळू दिला. दुसरा पातळ, वाळू दिला. तिसऱ्यानंतर गरम करून चेन रेघेवर बसवली आणि लाटण्यानं दाबत गेलो. लाटणं तिचंच, मधे बारीक झालेलं. कापलेली कड आणि ती चिंधी घेऊन एक नमुनाही चिकटवला. ही आमची रीत. प्रत्येक कामाबरोबर त्याच मालाचा एक नमुना चिकटवायचा आणि बायकोनं त्याला कोळशाची जुनी इस्त्री बांधून खिडकीच्या गजाला टांगायची. नमुना टिकला तर काम द्यायचं, नाही तर उसवायचं. मी नमुना चिकटवला आणि खिडकीत ठेवला. टांगला नाही. टांगायचं काम तिचं होतं, माझ्या ते ध्यानातच आलं नाही.

पाच दिवस वाळू दिला. मुलीनं सूटच्या मनगटांत बाटल्या खुपसल्या, मानेत डबा बसवला, पंपानं हवा भरली आणि चेनच्या कडेनं साबणाचं पाणी फिरवलं. एक बुडबुडा आला नाही. सूट फुगून खोलीभर झाला होता.

"बघा," ती म्हणाली, "उगाच घाबरत होता."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती गेली. धरण इथून गाडीनं दोन तास. मी चहा घेतला, अंघोळ केली आणि मेणबत्ती लावायला फोटोपुढे उभा राहिलो. कालची संपली होती, म्हणून तुकडा शोधायला लागलो. तो हत्यारांच्या पेटीत सापडला. हातात घेतला तर मेणावर चेनच्या दातांचे ठसे. एकासारखा एक, ओळीनं.

आमच्या वेळी मेण पेटीत कधीच नसायचं. चिकटवायचं काम सुरू झालं की बायको मेणाचा तुकडा माझ्या हातातून काढून कमरेला खोचायची. मी मागितला तरी द्यायची नाही. "मेण शेवटी, अहो. मेणावर सोल्युशन धरत नाही." सगळं वाळलं, नमुना टिकला, की मग स्वतः काढून द्यायची. मला वाटायचं, उगाच तोरा मिरवते.

मी चेनला मेण कधी लावलं ते आठवून बघितलं. आधी. नंतर थिनरनं पुसलं का? आठवेना. खिडकीतला नमुना उचलला आणि दोन बोटांनी ओढला. जोर लावायलाही लागला नाही. केळीच्या सालीसारखा निघाला.

मुलीचा फोन लागेना, ती उतरताना बंद करून पिशवीत ठेवते. वर दोर धरून एक माणूस उभा असतो, त्याचा नंबर तिनं कॅलेंडरवर लिहिला होता. तिसऱ्या वेळेला त्यानं उचलला.

"तिचा बाप बोलतोय. उतरली का?"

"उतरली की काका. पाच-दहा मिनिटं झाली."

"वर काढ."

"आत्ता कुठं खाली पोचलीय. काय झालं?"

"चेन सुटणार आहे. मी बसवलीय, मला माहीत आहे. वर काढ तिला."

"काका, असं मधेच साहेबांना विचारल्याशिवाय—"

"अरे गाढवा, दोर ओढ!"

फोन त्यानं कुठंतरी ठेवला, पण बंद केला नाही. मला सगळं ऐकू येत होतं. वारा. कसल्यातरी मशीनची धडधड. कोणीतरी लांबून ओरडलं, काय ते कळलं नाही. मग नुसतीच धडधड. मी फोन कानाला लावून उभा होतो आणि दुसऱ्या हातात तो सुटलेला नमुना. किती वेळ गेला सांगता येत नाही. शेजारच्या घरी कुकरची शिट्टी झाली, तेव्हा मी दचकलो.

मग पाण्याचा आवाज, खोकल्याचा आवाज, आणि तिचा.

"कोणाचा फोन आहे? बाबा?"

"हो."

"डाव्या खांद्याला सुटलीय. चार बोटं." दात वाजत होते तिचे. "पाठ ओली लागत होती. मला वाटलं, घाम आलाय."

तिच्या आईलाही, ती गेली त्या दुपारी, फुटपाथवर घाम आला होता, दरदरून. मी म्हटलं होतं, उकाडा आहे, पाणी पी. आणि हातातली चेन पुरी केली होती.

संध्याकाळी मुलगी घरी आली ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. ओला सूट बाथरूममध्ये टांगला, जेवली आणि म्हणाली, "पुन्हा बसवू."

"मी हात लावणार नाही."

"नका लावू. सांगा. मी लावते."

चेन तीच. दुसरी इतक्यात मिळत नाही. तिनं ती सोलून काढली, थिनर बदलून बदलून चार वेळा धुतली, ब्रशनं घासली, उन्हात वाळवली. कापडाच्या विणीत शिरलेलं मेण सगळं निघालं का, हे मला सांगता येत नाही. तिलाही येत नाही. मी पलंगावर बसून सांगत गेलो, ती करत गेली. मधे कधीतरी माझा हात फोटोपुढच्या मेणबत्तीकडे गेला. उगाच, चाळा म्हणून. तिनं वर न बघता तो तुकडा माझ्या हातातून काढला आणि स्वतःच्या खिशात टाकला. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. लहानपणी फुटपाथवर आमच्या मधे बसायची, तेवढंच.

धुतलेल्या चेनची कड कापून तिनं नमुना चिकटवला. या वेळी मी इस्त्री काढली, पलंगाखालच्या अंधारातून. कान्याकोपऱ्यात गंज होता. तिनं ती नमुन्याला बांधून खिडकीच्या गजाला टांगली.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. धरणाचं दार थांबत नाही, पाऊस कोणाची वाट बघत नाही, दुसरं माणूस नाही. ती म्हणाली, "सोमवारी येते." मग माझ्याकडे बघून फोनवरच म्हणाली, "पण इस्त्री पडली तर नाही येणार." साहेबाला काय कळलं असेल देव जाणे.

आज शनिवार आहे. ती बाजारात गेलीय. सूट पाटावर पालथा पडलाय आणि समोर खिडकीत इस्त्री लटकलीय. वाऱ्यानं जराशी फिरते, मग थांबते. सकाळपासून मी दुसरं काही केलेलं नाही. ती टिकली तर मुलगी त्या काळ्या पाण्यात पुन्हा उतरणार. पडली तर उतरणार नाही. पेटीत पातं आहे. एक चीर पुरे, कोणाला कळणारही नाही. मघाशी उठून खिडकीपर्यंत गेलो होतो. पातं हातात होतं.

मग फोटोकडे लक्ष गेलं. बायकोनं तीस वर्षांत टांगलेल्या नमुन्याला कधी हात लावला नाही. ना टिकावा म्हणून, ना पडावा म्हणून. घाईचं गिऱ्हाईक डोक्यावर उभं असलं तरी म्हणायची, "थांबा. तो काय म्हणतोय ते कळू द्या."

पातं पेटीत टाकलं. खुर्ची ओढून खिडकीसमोर बसलोय. इस्त्री अजून वर आहे.