बसमध्ये एक कमी

परदेशातून पाहुणे आणणारे, त्यांना उतरवून घेणारे, फिरवणारे आणि शेवटी विमानात बसवून "सुटलो बाबा" म्हणणारे, अशा सगळ्यांचं वर्षातून एकदा संमेलन भरतं. मोठ्या हॉटेलचा मोठा हॉल, गळ्यात नावांच्या पट्ट्या, आणि एकमेकांना "तुम्ही अजिबात बदलला नाहीत हो" असं धडधडीत खोटं सांगणारी माणसं. पुढच्या हंगामात कोणाचे पाहुणे कोणाच्या हाती जाणार हे तिथंच ठरतं. त्यामुळे तिथं कोणी आजारी नसतं, थकलेलं नसतं, आणि म्हातारं तर मुळीच नसतं.

छत्रीताईसुद्धा त्या दिवशी ठणठणीत होत्या. निदान तसं दिसायचं, हे त्या घरून ठरवून आल्या होत्या.

छत्रीताई गाईड. लांब दांड्याची पिवळी छत्री उंच धरून पाहुण्यांच्या पुढे चालायच्या, म्हणून हे नाव पडलं. ती छत्री उघडलेली मात्र कोणी पाहिली नव्हती. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि अख्खा हंगाम घरात गेला. सासूबाईंनी हाताला धरून व्हरांड्यात चालवलं. "माझ्या मुलाला चालायला शिकवलं तेव्हा एवढी कटकट नव्हती," असं त्या रोज म्हणायच्या आणि रोज न चुकता हात पुढे करायच्या. घर ताईंच्या कामावर चालायचं, ती काळजी होतीच. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. लोकांपुढे उभं राहून गोष्ट सांगायची नाही, तर दिवसभर करायचं काय? सासूबाईंना टेकडीवरच्या बुरुजाची गोष्ट तीनदा सांगून झाली होती. चौथ्या वेळी त्या म्हणाल्या, "बाई गं, तू लवकर कामाला लाग."

संमेलनाला निघताना ताईंनी काठी दाराआड ठेवली.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," त्या म्हणाल्या.

"मूठ झाकशील. लंगडणं कसं झाकणार?"

ताईंनी छत्री जमिनीला टेकवून चार पावलं चालून दाखवली.

हॉलमध्ये टेबलं मांडली होती. पाहुणे पाठवणाऱ्या कंपन्यांची माणसं एका बाजूला बसून होती. समोर गाईड आणि हॉटेलवाले. घंटा वाजली की यांनी उठायचं आणि पुढच्या टेबलावर जायचं. दर घंटेला ताईंच्या गुडघ्यातून कळ जायची आणि त्या हसून उठायच्या. कसंबसं चष्मेवाल्या बाईंचं टेबल आलं. या बाईंच्या कंपनीचे सगळे गट वर्षानुवर्षं ताईंकडे असायचे. गेल्या हंगामात ते भोंग्याकडे गेले होते.

भोंगा हाही गाईडच. त्याचा आवाज असा की त्याचा गट बुरुजावर आणि गोष्ट ऐकू येते तलावापाशी. ताईंच्याच हाताखाली तो तयार झाला, आणि "अरे, आवाज कमी कर!" हे वाक्य त्यानं ताईंकडून जेवढं ऐकलं तेवढं स्वतःच्या आईकडूनही ऐकलं नसेल. वर्षभर घरी बसून ताईंनी त्याचा मनोमन बराच राग केला होता.

"बुरुजाच्या पायऱ्या झेपतील ना आता?" चष्मेवाल्या बाईंनी विचारलं.

ताई तोंड उघडणार तोच घंटा वाजली. "दुपारी बसमध्ये बोलू," बाई म्हणाल्या.

दुपारी सगळ्यांना बसनं टेकडीवर, बुरुजाच्या पायथ्याशी नेलं. बसभर गाईड. सात सुगरणी आणि भाजी अळणी, तशातली गत. प्रत्येक जण शेजाऱ्याला माहिती सांगत होता आणि ऐकत कोणीच नव्हतं. वर पोचल्यावर ताई "तुम्ही या जाऊन, मी इथंच जरा गार वाऱ्याला थांबते" म्हणून तिकीटखिडकीपाशी राहिल्या. मंडळी परत आली तेव्हा त्या बसच्या पुढच्या दाराशी उभ्या राहिल्या. सगळे आधी चढले की मागच्या दारानं हळूच चढायचं, म्हणजे आपण पायरीवर कशा झगडतो ते कोणाला दिसणार नाही, असा बेत होता. उभ्या होत्या म्हणून सवयीनं डोकी मोजली.

"झाले का सगळे, ताई?" ड्रायव्हरनं विचारलं. तो नवीन होता.

एरवी हे उत्तर त्या आतल्या पायरीवरून द्यायच्या. तोंडाला एवढा विचार कुठला! "पूर्ण! चला!" त्या म्हणाल्या आणि बसच्या पत्र्यावर दोन थापाही मारल्या.

दारं मिटली. बस गेली.

ताईंनी हाका मारल्या, छत्री हलवली. पर्स आणि मोबाइल सीटवर होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. एवढ्या वर्षांच्या मोजणीत त्यांनी स्वतःला कधी धरलंच नव्हतं.

तिकीटखिडकीतला माणूस बाहेर आला. "बस चुकली? तुमच्याबरोबर गाईड कोण होतं?"

"मीच."

त्या बिचाऱ्यानं घाईनं आतली खुर्ची आणून दिली, पाणी दिलं. खुर्चीत बसल्यावर मात्र ताईंना रडू आलं. संपलं सगळं. जिला स्वतःलाच बसमध्ये घालता येत नाही, तिच्या हाती कोण पाहुणे देणार? आता जन्मभर या संमेलनात हीच गोष्ट सांगतील, आणि आपल्यापेक्षा रंगवून सांगतील.

तेवढ्यात वळणावर बस दिसली. नीट थांबायच्या आतच भोंगा उडी मारून उतरला. "ताई! लागलं नाही ना कुठं?"

बसमध्ये काय झालं ते मग कळलं. भोंग्यानं नेहमीच्या पट्टीत बुरुजाची गोष्ट सुरू केली. अर्धी झाली तरी कोणी "आवाज कमी कर" म्हणेना. त्याला चैन पडेना. वळून पाहिलं तर सीटवर नुसती पर्स. त्यानं ओरडून बस थांबवली. मग एकजात सगळे गाईड मोजायला उठले. काही स्वतःला धरून मोजत होते, काही सोडून. आकडा जुळेना, भांडण जुंपलं. शेवटी चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, "आकडा राहू द्या हो. बस फिरवा!"

आता सगळी बस खिडक्यांना चिकटून बघत होती. पायरी चढायची होती. भोंग्यानं हात पुढे केला, अगदी सासूबाई करायच्या तसा. ताईंनी तो धरला आणि सगळ्यांदेखत, लंगडत, वर चढल्या.

"पायऱ्या झेपायच्या नाहीत मला," त्या चष्मेवाल्या बाईंना म्हणाल्या. "सकाळीच सांगायला हवं होतं."

"हो, हवं होतं. मी काही काम काढून घ्यायला विचारलं नव्हतं. कोणती वाट तुम्हाला द्यायची, ते ठरवायला विचारत होते."

"पायऱ्या माझ्या," भोंगा मध्येच म्हणाला. "तलाव, संग्रहालय, सपाटीवरचं सगळं ताईंचं. पाहुणे गेल्या वर्षी तलावाची गोष्ट विचारायचे आणि मी नुसता ओरडायचो. मला ती धड येते कुठं?"

बाई हसल्या आणि म्हणाल्या, "ठरलं मग."

ताईंना आभार मानायचे होते. खुर्ची देणाऱ्याचे, बाईंचे, व्हरांड्यात हात पुढे करणाऱ्या त्या म्हातारीचे, आणि ज्याचा वर्षभर राग केला त्या या पोराचे तर सगळ्यांत जास्त. जन्मभर बोलण्यावर पोट भरलं, आणि आता एक शब्द फुटेना.

ड्रायव्हरनं चांगलीच धास्ती घेतली होती. "मोजल्याशिवाय मी गाडी हलवणार नाही," तो म्हणाला.

भोंगा उठला. त्यानं पिवळी छत्री घेतली, ताईंच्या डोक्यावर उंच धरली आणि टेकडीला ऐकू जाईल असा ओरडला, "एक!"

ताईंनी त्याला आवाज कमी करायला सांगितलं नाही.