काकीचा राहिलेला विषय

केमिस्ट्रीला घाबरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, मी स्वतः त्यांतलाच. पण केमिस्ट्रीनेच जिला घाबरून राहावं अशी अख्ख्या भोर-वेल्ह्यात एकच बाई आहे आणि ती माझी काकी आहे. कामथडीच्या डेअरीवर ती वीस वर्षं दूध तपासते. तिने दुधात लॅक्टोमीटर सोडला की समोरचा कितीही मोठा असो, पाणी घातलं असेल तर चारचौघांत सांगून मोकळी होते. गावात तिचा दरारा आहे. पण तिच्या जिवाला एकच सल होता. बारावी सायन्सला तिचे सगळे विषय सुटले, एकटी केमिस्ट्री राहिली, तीही चार मार्कांनी. पुन्हा फॉर्म भरायच्या आत तिच्या वडिलांनी लग्न ठरवून टाकलं. पंचवीस वर्षं ती यावर चकार शब्द बोलली नाही, आणि दोन वर्षांपूर्वी एका सकाळी धार काढता काढता तिने जाहीर केलं की बाहेरून बसून तो विषय सोडवायचा, क्लास न लावता, एकटीने.

यातला 'एकटीने' हा शब्द तिने फारच सैल धरला. मी शेजारच्या घरात राहतो, त्यामुळे पहिला बळी मीच. मी बी.कॉम. आहे हे सांगून पाहिलं, तर म्हणाली, "तुला समजायची गरज न्हाई, तू नुसतं पुस्तक धरून इचार." गोठ्याच्या भिंतीवर तिने चुन्याने मूलद्रव्यांचा तक्ता काढला, आणि भिंत तोकडी पडली तेव्हा शेवटच्या दोन ओळी काकाच्या मोटारसायकलच्या शेडवर नेल्या. जनावरांची नावं बदलली. अंगावर पाण्याचा थेंब पडला की थयथयाट करणारी जर्सी गाय झाली सोडियम, आणि कुणात न मिसळता कोपऱ्यात रवंथ करणारी म्हैस झाली आर्गॉन. काकाला तिने कॅटॅलिस्ट म्हटलं. म्हणजे काय, असं त्याने विचारलं, तर "सोता कणभर बदलत न्हाई, पन त्याच्यामुळं बाकीच्यांची धावपळ वाढती," असं उत्तर मिळालं. काकाला ते काहीतरी पद वाटलं आणि आठवडाभर तो पारावर ते सांगत फिरला.

मोल हे प्रकरण मात्र तिला पटेना. सहावर तेवीस शून्यं, एवढा मोठा आकडा असू शकतो हेच तिला मान्य नव्हतं. शेवटी माझ्या दुसऱ्या एका चुलत्याच्या मुलीच्या लग्नात, ऐन मंगलाष्टकांत, मूठभर अक्षता हातात घेऊन ती त्या मोजायला लागली. भटजी 'शुभमंगल' म्हणून थांबले, सगळ्यांनी अक्षता टाकल्या, काकीची मूठ तशीच. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, जगातली समदी लग्नं लावली तरी एक मोल अक्षता व्हायच्या न्हाईत. तिचा चेहरा इतका उजळला होता की फोटोत नवरीपेक्षा तीच आनंदी दिसते.

तिचं माहेर पाली, राजगडाच्या पायथ्याशी. तिचा भाऊ गडावर येणाऱ्यांना पिठलं-भाकरीचं जेवण देतो आणि शनिवार-रविवारी पुण्याच्या पोरापोरींनी अंगण भरून जातं. काकीच्या लक्षात आलं की यातले निम्मे इंजिनिअर आहेत, म्हणजे यांची बारावी झालेली आहे. झालं. दर रविवारी डेअरीचं काम उरकून ती पालीला जायची, पिठल्याचं पातेलं स्वतःच्या ताब्यात घ्यायची आणि ज्याच्या ताटात वाढायचं त्याला एक शंका विचारायची. गड उतरून पाय थरथरत असलेली ती बिचारी पोरं हायब्रिडायझेशन म्हटल्यावर एकमेकांची तोंडं बघायची. एका मुलीने मात्र कांदे आणि काटक्या घेऊन मिथेनचा रेणू उभा करून दाखवला, तिला काकीने आग्रह करकरून चार भाकऱ्या खायला घातल्या. ओसरीवर बसलेले काकीचे वडील, ज्यांना सगळे दादा म्हणतात, हा बाजार काठीवर हनुवटी टेकून बघत असायचे.

प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला पुण्याला मी तिच्याबरोबर गेलो होतो. ती बाहेर आली ती पांढरीफटक. काचेच्या नळीत द्रवाची कड जरा वर चढते आणि मध्ये खोलगट राहतं. केमिस्ट्रीत ती खालची रेषा वाचायची असते. दुधातून खालचं काही दिसत नाही, म्हणून डेअरीवर वरची वाचतात. वीस वर्षांचा हात! काकीने ब्युरेटवर, म्हणजे थेंब थेंब द्राव सोडायच्या आकडे कोरलेल्या नळीवर, वरची रेषा वाचली आणि परीक्षक बाईंनी नेमकं तेव्हाच पाहिलं. त्यांनी विचारलं, हे कुणी शिकवलं? इथे मार्क गेले म्हणजे विषय पुन्हा राहिला, एवढंच काकीच्या डोक्यात. मग म्हणे तिने धीर करून सांगितलं, "बाई, माझं चुकलं. पन मी सुरवातीला बी वरचीच वाचली आन् शेवटाला बी. वजाबाकी केल्यावर फरक तेवढाच ऱ्हातो." बाई थांबल्या, गणित तपासलं आणि उत्तर बरोबर निघालं. डेअरीवर वरची वाचा, इथे खालची, एवढं बजावून त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या. एस.टी.त बसल्यावर काकीने हे मला चार वेळा सांगितलं आणि कात्रजच्या पुढे कंडक्टरलाही सांगितलं.

निकालात केमिस्ट्रीला एकाहत्तर मार्क पडले. काकाने डेअरीवर पेढे वाटले. काकी मात्र निकालाचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पालीला निघाली आणि मला म्हणाली, चल.

दादांनी कागद डोळ्यांपाशी नेला. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून मी आकडा वाचून दाखवला. बराच वेळ ते त्या कागदावर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "तवाच फारम भरू द्यायला पायजे हुता तुला. माझं चुकलं, पोरी."

मला वाटलं काकी म्हणेल, जाऊ द्या दादा, झालं ते झालं. आपल्याकडे तसंच म्हणतात. ती म्हणाली, "व्हय दादा, चुकलं." आवाजात राग नव्हता. म्हाताऱ्याने मान हलवली. मग ती त्यांच्या शेजारी ओसरीवर टेकली आणि तिने तो कागद पुन्हा नीट पिशवीत घातला. मला तिचा फार अभिमान वाटत होता, आणि अठरा वर्षांच्या त्या मुलीसाठी, जिला मी कधी पाहिलंही नव्हतं, फार वाईट वाटत होतं.