त्या दुपारी स्क्रीनने आईचा हात ओळखला

हे वाचणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना वाटेल, ही बाई फेकतेय. वाटू दे. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मीसुद्धा हसून पुढचा अनुभव वाचायला घेतला असता. आमच्या घरात देव्हारा नाही. नजर काढणं, अंगात येणं, दारावर लिंबू-मिरची... यातलं काही म्हणजे काही नाही. लहानपणी मला कोणाची दृष्ट लागली असं एखादी शेजारीण म्हणाली की बाबा म्हणायचे, "आधी डॉक्टरला दाखवू, मंग बघू." अशा घरात वाढलेली मी, आणि मीच आज हे लिहायला बसलेय!

मी प्रज्ञा. गाव हसनाबाद, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. नोकरीला पुण्यात. एका सामाजिक संस्थेची ॲम्ब्युलन्स सेवा आहे — कोणी फोन केला की तो पत्ता सगळ्यात जवळच्या गाडीच्या ड्रायव्हरला मेसेजने जातो. ही जी सगळी यंत्रणा आहे तिचे सर्व्हर सांभाळायचं काम आमच्या छोट्या कंपनीकडे, आणि कंपनीत ते माझ्याकडे.

सर्व्हर सांभाळायचे म्हणजे टर्मिनल लागतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — काळा स्क्रीन, त्यावर पांढरी अक्षरं. तुम्ही एक ओळ लिहायची, आणि लांब कुठेतरी असलेला कॉम्प्युटर ती पाळतो. मी ते मोबाईलवरही ठेवलंय. फोनच्या एवढ्याशा कीबोर्डवर टाईप करत बसायला मला वेळ नाही, म्हणून ॲपमध्ये बोटांच्या खुणा सेट केल्यात. एक बोट खालून वर ओढलं की आधी वापरलेली कमांड येते. दोनदा टिचकी मारली की ती चालते. दोन बोटं आडवी सरकवली की पुढचा सर्व्हर. बस, एवढंच. पण आमच्या ऑफिसात माझ्याइतक्या वेगाने फोनवर टर्मिनल कोणी चालवत नाही. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतेय, कारण दुसरं कोणी सांगत नाही!

आता आईबद्दल. तिचं नाव कांताबाई. आयुष्यभर तिने निंदण केलं आणि कापूस वेचला — आधी दुसऱ्यांच्या रानात, मग आमच्या स्वतःच्या. मधलं अंतर तिने आणि बाबांनी कसं कापलं तो वेगळा विषय आहे. पण त्या कामात तिच्या बोटांवरच्या रेषा पार झिजून गेल्या. रेशन दुकानात तिचा अंगठा उमटत नाही. दुकानदार म्हणतो, "मावशी, परत लावा," आणि ती परत लावते, परत लावते, शेवटी बाबांना बोलावतात. टच स्क्रीनचंही तेच. कातडी इतकी जाड आणि कोरडी झालीय की स्क्रीनला पत्ताच लागत नाही. मी तिला व्हिडिओ कॉल घ्यायला शिकवायचा किती प्रयत्न केला! घरातल्या प्रत्येक फोनवर, हात धुऊन, हात ओले करून, तेल लावून. आईने हात लावला की फोन मेल्यासारखा. शेवटी तिनेच सांगितलं, "मला आपला बटनाचाच बरा." तेव्हापासून ती बटणाचाच वापरते.

दसऱ्याला, म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, मी गावी आले होते. विहारात कार्यक्रम, आणि खीर आमच्या घरची. सकाळी ते भलंमोठं पातेलं चुलीवरून उतरवताना कलंडायला लागलं आणि मी दोन्ही हातांनी धरलं. खीर वाचली. हात नाही वाचले. बोटांना टरारून फोड आले. डॉक्टरांनी मलम लावून दोन्ही हातांना मनगटापर्यंत पट्ट्या बांधल्या. दुपारी सगळी गल्ली विहारात होती. बाबा आणि भाऊ तिथे वाढपाला. मला भरवायला म्हणून आई तेवढी मागे थांबलेली.

ती मला पुरी-भाजी भरवत होती आणि तिचा फोन वाजला. स्नेहल — ॲम्ब्युलन्सचे फोन घेतात त्या संस्थेच्या कॉल रूमची शिफ्ट इन्चार्ज. मी माझा फोन उचलत नव्हते म्हणून तिने ऑफिसच्या यादीतला घरचा नंबर लावला होता. आईने बटण दाबून स्पीकर चालू केला.

"प्रज्ञा मॅडम, फोन येतायत पण ड्रायव्हरला मेसेजच जात नाहीयेत! आम्ही एकेकाला हाताने फोन लावतोय, पण निम्मे उचलत नाहीत. टेंभुर्णीच्या शिवारात एका बाईला साप चावलाय. कापूस वेचत होती. तिकडचा ड्रायव्हर फोनच घेत नाही..."

टेंभुर्णी म्हणजे आमच्या शेजारच्याच तालुक्यातलं गाव. आईचा घास भरवणारा हात तसाच थांबला.

काय बिघडलंय ते मला लगेच कळलं. मेसेजच्या सर्व्हरवर मेसेज तुंबले होते. तुंबलेलं रिकामं करायची कमांड चालवली की तो पुन्हा पत्ते उचलून पाठवायला लागतो. रोजच्या हाताने चार सेकंदांचं काम. पण हात कुठे होते? लॅपटॉप होता, चार्जर पुण्यात राहिला होता. आमच्या कंपनीचे सर विमानात. पट्टी सोडून बघितली, तर मलमाने स्क्रीन नुसता चिकट झाला आणि मी कळवळले.

चेहरा दाखवून फोन उघडला. मग नाक वापरलं. हसू नका, नाकाने एका बोटाचं काम बरं होतं! पण सर्व्हर बदलायला दोन बोटं लागतात. मी नाक आणि हनुवटी एकदम टेकवून पाहिली.

आई म्हणाली, "फोनचा मुका घेऊन राह्यली का?"

"अगं, दोन बोटं सरकवायचीत त्याच्यावर!"

"मंग मी सरकवते."

"तुझं बोट लागत न्हाई आई, तुला माहितेय ना..."

"इथं दुसरं कोण हाय? सांग जल्दी. ती बाई तिकडं पडलीय."

तिने पदराला हात पुसला आणि माझ्यासमोर मांडी घातली. मी फोन गुडघ्यावर टेकवला. आता तिला 'स्वाईप' म्हणून काय सांगणार? मी म्हटलं, "सारवताना हात फिरवतीस ना, तसा. दोन बोटांनी, उजवीकडून डावीकडं."

तिने फिरवला. आणि स्क्रीन सरकला.

मी स्क्रीन सोडून आईकडेच बघत राहिले. तिला काही विशेष वाटलं नव्हतं. ती पुढच्या कामाची वाट बघत होती.

"आता एक बोट. भिंतीला चुना देतीस तसं, खालून वर."

चुना दिला. जुन्या कमांड एकामागून एक वर यायला लागल्या, अगदी माझ्या हाताला येतात तशा. पाहिजे ती आली, मी ओरडले, "थांब! आता माठ घेताना दोनदा टिचकी मारून बघतीस ना, तशी मार त्याच्यावर. टक टक."

आईने बोट उचललं... आणि टिचकी मारलीच नाही. तिने तीन बोटं जुळवली, ती त्या ओळीवर टेकवली आणि किंचित पीळ देऊन वर ओढली. बोंडातून कापूस काढतात तशी. स्क्रीनवरची ओळ गेली. पुसली गेली!

"आई! काय केलंस?"

"कवडी होती," आई म्हणाली. "काढून टाकली."

कवडी म्हणजे किडलेला, डाग पडलेला कापूस. चांगल्यात मिसळला तर सगळा माल खराब करतो, म्हणून वेचणारी बाई तो उपसून बाजूला टाकते. मी तिच्यावर खेकसणारच होते, "आई, हे रान न्हाई—" आणि माझी नजर स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात गेली. तिथे सर्व्हरचं नाव असतं.

नाव चुकीचं होतं.

सारवताना आईचा हात लांब जातो. अर्ध्या खोलीत एका दमात फिरतो. तसाच तो स्क्रीनवर फिरला होता आणि एक सर्व्हर ओलांडून पुढच्यावर गेला होता. तिथे आलेल्या फोनचे पत्ते राहतात. रिकामं करायची कमांड दोन्हीकडे सारखीच दिसते, अक्षरही वेगळं नाही. मेसेजच्या सर्व्हरवर ती तुंबलेलं काढते. या सर्व्हरवर तिने वाट बघत असलेले सगळे फोन पुसले असते, पत्त्यांसकट. टेंभुर्णीच्या बाईचाही पत्ता गेला असता, आणि तिच्या माणसांनी पुन्हा फोन करेपर्यंत गाडी नेमकी कुठे पाठवायची ते कोणाला कळलं नसतं. टिचकी मारली असती तर तेवढ्यात सगळं संपलं होतं. आणि मार म्हणून मीच सांगितलं होतं.

आईने विचारलं, "आता?"

"आता उलटं सारव. पण थोडंसंच. चुलीपुढचं सारवतीस एवढंच."

तिने बराबर तेवढंच सारवलं. मी या वेळी नाव दोनदा वाचलं. चुना. थांब. "आता टिचकी मार." तिने बोट अधांतरी धरून एकदा ओळीकडे पाहिलं, आणि टक टक.

ओळी भराभर धावायला लागल्या. पलीकडून स्नेहलचा आवाज फुटला, "गेले! मेसेज गेले मॅडम! टेंभुर्णीचं... घेतलं, ड्रायव्हरने घेतलं, गाडी निघाली!"

मी रडले. हात दुखत होते म्हणून नाही. आईने माझे डोळे पुसले आणि राहिलेली पुरी माझ्या तोंडात कोंबली.

पाचच मिनिटांनी मी म्हटलं, "आई, परत एकदा सारव बरं." सारवलं. काही नाही. चुना, टिचकी, काहीच नाही. फोन पुन्हा मेल्यासारखा. तेव्हापासून आजपर्यंत एकदाही तिचं बोट त्या स्क्रीनला लागलेलं नाही.

हात बरे झाल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल? ॲपची सेटिंग्ज उघडली. तीन बोटांच्या खुणेसमोर काहीही लावलेलं नव्हतं. मी स्वतः करून पाहिली, ढिम्म. काही फोनमध्ये तीन बोटांनी स्क्रीनशॉट निघतो, तेही तपासलं. स्क्रीनशॉट निघालेला नव्हता, आणि निघाला तरी त्याने ओळ पुसली जात नाही. सर म्हणाले, घामाने बोट लागलं असेल. बाबा म्हणाले, तुझं मलम तिच्या हाताला लागलं असेल. मी घाम, मलम, पुरीचं तेल, सगळं लावून आईला पुन्हा बसवलं. शेवटी ती वैतागून उठून गेली. आणि समजा, बोट लागलं तेलाने. कवडी कशी ओळखली? आई मराठी पाट्या वाचते, सही करते, इंग्रजी एक अक्षर येत नाही. येत असतं तरी ती ओळ दोन्हीकडे सारखीच होती.

तिला विचारलं तर म्हणते, "मला ते काळं रान दिसलं. पांढरं पांढरं बोंड. एक बिलकुल नीट दिसंना, म्हणून काढलं. त्यात काय?"

लोक अशा अनुभवांनंतर घाबरतात, म्हणे. मला भीती वाटली नाही. मला माझ्या आईचा इतका अभिमान वाटला की छातीत मावेना, अजून मावत नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्ये सरांनी विचारलं, हातांना पट्ट्या असताना टर्मिनल चालवलं कोणी? मी सांगितलं, "कमांड माझी होती सर, हात कांताबाईंचे." तिथे बसलेल्या सगळ्या इंजिनियर मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

दिवाळीला घरी गेले तर आई पिशवी भरून तयारच. टेंभुर्णीला आमची एक मावशी असते. तिच्याकडून आईने त्या बाईचं घर शोधून काढलं होतं. आम्ही गेलो. बाई ओसरीवर बसली होती, पाय अजून सुजलेला, पण बसली होती. आईने तिला चिवडा-लाडू दिले, तिचा पाय हातात घेऊन पाहिला, कापसाच्या गप्पा मारल्या. फोनचा, सर्व्हरचा शब्द काढला नाही. मी बोलायला गेले तर मला कोपराने ढोसलं. बाईने आम्हाला जेवायलाच बसवलं आणि स्वतःही आमच्यासोबत जेवली.

परतीच्या जीपमध्ये मात्र आईचं तोंड सुटलं! माझी पोरगी पुण्यात काय करते, तिने कसं सांगितलं, मी कसं सारवलं, गाडी कशी निघाली... सगळी जीप ऐकत होती. समोर बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "पण बाई, तुमचं बोट तर लागत न्हाई म्हन्ता. मंग त्या दिशी कसं लागलं?"

आई म्हणाली, "ते मला न्हाई माहीत, बाबा. माझ्या पोरीलाबी न्हाई माहीत, अन् ती लई शिकलीय. पण ती बाई आज माझ्या शेजारी बसून जेवली. मी डोळ्यानं बघून आले."