चूळ भरायचा पंप

आत्याबाईंना मी कधी नुसतं बसलेलं पाहिलं नाही. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या जानेफळला सासूला असंच म्हणतात. दमा जुना, तरी मिरच्या भाजायला चुलीपुढे त्याच आणि हरभरा पाखडायला सूप घेऊन त्याच. मी नाकाला पदर लावून दारात उभी राहायचे आणि तिथूनच त्यांच्यावर चिडायचे. खोकून खोकून डोळ्यांत पाणी यायचं, तरी उलट मलाच विचारायच्या, "तू काऊन मधात येतं वं? मले सवय हाय." सवय कसली, डोंबलाची! दिवसभर अशी दगदग करायची आणि झोपायच्या वेळी भिंतीला उशी लावून बसायचं, कारण आडवं पडलं की छाती भरून यायची.

नावं ठेवण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. मी चार गोष्टी सांगायला जाते म्हणून मी 'मास्तरीण'. आमचे हे कधी कोणाला दुखवत नाहीत, घरात भांडण लागलं की गोठ्यात जाऊन उभे राहतात, म्हणून ते 'थंडोबा'. आईच्या तोंडून ते ऐकून हे हसायचे, मग मीही हसायचे. एवढा राग यायचा त्या बाईचा, पण त्या माहेरी चार दिवस गेल्या की घर खायला उठायचं.

एका हिवाळ्यात मी त्यांना बांगड्या भरायला म्हणून मेहकरला नेलं आणि बांगड्यांच्या आधी छातीच्या डॉक्टरकडे बसवलं. डॉक्टर भला माणूस. त्यांनी नीट समजावलं. श्वासाच्या नळीला आतून नाजूक अस्तर असतं. दम्यात ते कायम चिडलेलं असतं. धूळ, धूर, खकाणा लागला की सुजतं, चिकट पाणी सोडतं आणि हवेची वाट बुजत जाते. मग त्यांनी तोंडाने ओढायचे दोन पंप दिले. निळा ओढला की आवळलेली नळी सैल होते, लगेच बरं वाटतं, पण आतली सूज तशीच राहते. सूज उतरवतो तो तपकिरी. तो हळूहळू काम करतो, म्हणून बरं वाटत असलं तरी रोज घ्यायचा. आणि घेतल्यावर चूळ भरायची, नाहीतर तोंड येतं.

आत्याबाईंना अस्तर बरोबर समजलं. जन्मभर गोधड्या शिवलेली बाई ती. परत येताना एसटीत शेजारणीला सांगत होत्या की वरून कापड धड दिसते, पण आतून माहं अस्तर फुगलं. पंपांनाही नावं पडली. निळा 'धावत्या' आणि तपकिरी 'मुका', कारण तो घेतला तरी काही बोलत नाही, काही जाणवत नाही. मुक्यावर त्यांचा विश्वास नव्हता, पण मी रोज समोर उभी राहून घ्यायला लावायचे. उन्हाळ्यापर्यंत त्या आडव्या पडून झोपायला लागल्या. त्यांना तसं झोपलेलं पाहून मला काय वाटायचं ते कसं सांगू! वाटायचं, जिंकलो आपण.

मग नवरात्र आलं. लग्न होऊन आल्यापासून आत्याबाईंचे नऊ दिवस कडक असायचे. पाणी आणि गुळाचा कोरा चहा, बस्स. घट बसले त्या सकाळी मी तपकिरी पंप पुढे केला, तर त्यांनी हात मागे घेतला.

"चूळ कायची भरतेत? खाल्ल्याची. मंग हे खाणंच झालं का नाही?"

मी म्हटलं, मग चहा कसा चालतो? तर म्हणे, चहाची चूळ कोणी भरते काय? निळ्याला चूळ लागत नव्हती, म्हणून निळा उपासात चालत होता. मी डॉक्टरांना फोन लावून त्यांच्या कानाला दिला. डॉक्टरांनी सांगितलं की ते औषध आहे, अन्न नव्हे, उपास मोडत नाही, पण बंद केलंत तर जिवाशी खेळ होईल. त्यांनी हो हो म्हणत ऐकून घेतलं आणि फोन मला देऊन वाती वळायला बसल्या. ह्यांना म्हटलं, तुम्ही तरी सांगा. तर हे म्हणाले, नऊ दिवसांचाच तर प्रश्न आहे. थंडोबाच तो!

पहिले काही दिवस खरंच काही झालं नाही. माळ चढवताना त्या माझ्याकडे बघून हसायच्या, देवी सांभाळून राह्यली म्हणायच्या. आधीच्या औषधाचा गुण अजून पुरत होता, एवढंच. आत सूज पुन्हा चढत होती आणि ती कोणाला दिसत नव्हती. निळा मात्र सारखा निघायला लागला. मी बोलले, रडले, दोनदा भांडले. घटासमोर भांडू नये म्हणून मलाच सगळ्यांनी गप्प केलं.

सातव्या माळेला आमच्या घरामागच्या वावरात सोयाबीनची मळणी लागली. मशीनची धूळ वाऱ्याने थेट घरात आली. दारं लावली, ओली लुगडी टांगली, पण व्हायचं ते झालं. दुपारी आत्याबाई घटापुढून उठल्या त्या खांब धरून उभ्या राहिल्या. निळा ओढला, परत ओढला, काही फरक नाही. ओठ काळेनिळे पडले. ह्यांनी गाडी बोलावली आणि आम्ही मेहकरच्या रस्त्याला लागलो. गाडीत मी निळा सारखा देत होते. मग तपकिरीही पुढे केला. आता त्याचा उपयोग नाही हे कळत होतं, पण हात स्वस्थ बसेना. त्याबरोबर आत्याबाईंनी तोंड मिटून घेतलं. एका श्वासासाठी तडफडणाऱ्या बाईने, चूळ भरावी लागेल म्हणून, ओठ गच्च मिटले. दवाखान्याच्या दारात डॉक्टर धावत आले, तेव्हा काही उरलं नव्हतं.

गावातल्या बाया त्यांच्या पायांवर डोकं टेकवून गेल्या. माळा चालू असताना देवीनं नेलं, काय नशीब काढलं म्हणाल्या. मला किंचाळावंसं वाटत होतं.

यंदा घट बसायच्या दिवशी पलीकडच्या घरातल्या सिंधूमामी आल्या. त्यांनाही दमा आहे, त्याच डॉक्टरांचं औषध आहे. कमरेच्या पिशवीतून त्यांनी तपकिरी पंप काढला आणि माझ्यापुढे धरला.

"नऊ दिवस तुह्याजवळ ठेव वं. घरी राह्यला तर पोरं जबरदस्ती करतेत."

मी हात लावला नाही. बसवून अस्तराचं सगळं सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"तुह्या सासूच्या मरणाचं तं सोनं झालं," त्या म्हणाल्या. "कसं सुखात गेली."

"मामी, गाडीत मी होते," मी म्हटलं. "मी पाहिलं आहे."

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, पंप ओट्यावर ठेवला आणि अनवाणी देवळाकडे निघून गेल्या.