पाँपेईच्या कठड्यावरचा खळगा

मोहिद्दीनचा धंदा जगावेगळा. लोक जुन्याचं नवं करतात, हा नव्याचं जुनं करून देई. बावीस वर्षं दुबईच्या अल क्वोज भागातल्या वर्कशॉपमध्ये त्याने हेच केलं. कोरा दगड छिन्नीने ठोकायचा, तारेच्या ब्रशने घासायचा, काळ्या चहाचं पाणी पाजायचं, की खलास, दगड हजार वर्षांचा. रत्नागिरीचे नातेवाईक हे ऐकून हसत.

यंदा तिथल्याच एका नव्या मॉलमध्ये इटलीतल्या पाँपेईची गल्ली उभी करायची होती. ज्वालामुखीच्या राखेखाली साडेएकोणीसशे वर्षांपूर्वी गाडलं गेलेलं ते गाव. मोहिद्दीनने इटली पाहिली नव्हती, पण फोटो बघून बघून त्याला ते पाठ झालं. फरशीत गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या त्याने हुबेहूब उतरवल्या. चौकातल्या दगडी हौदाचा कठडा मात्र त्याच्या मनातच बसला. पाणी प्यायला वाकणारा प्रत्येकजण तिथं एकाच जागी हात टेकायचा, त्यानं दगडात खळगा पडलेला. तसाच खळगा त्याने एकवीस दिवस घासला, आपलाच तळवा टेकून बघत.

एवढा जीव ओतला तो मुलासाठी. फहदला बापाचं काम सांगायची लाज वाटे. कॉलेजात 'डॅड इज इन कन्स्ट्रक्शन' म्हणून तो वेळ मारून नेई. आता तो त्याच मॉलच्या देखभाल खात्यात साहेब होऊन लागला होता.

"एकदा माझ्याबरोबर गल्ली बघायला चल," अल नहदाच्या घरी मोहिद्दीनने चारदा सांगून पाहिलं.

"इन्शाल्ला, अब्बा. नेक्स्ट वीक."

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते घरातही खरंच.

उद्घाटनाला दोन दिवस उरले तेव्हा फहद एकदाचा घेऊन गेला. चौकात येताच मोहिद्दीन थबकला. भिंती पंपाने धुऊन गोऱ्यापान केल्या होत्या. कठड्यावरचा खळगा पांढऱ्या सिमेंटने भरून वर पॉलिश मारलं होतं.

"इट वॉज सो डर्टी," फहद खुशीत म्हणाला. "अँड धिस एज वॉज डॅमेज्ड. आय गॉट इट फिक्स्ड. मॅनेजर खूश झाला. तुमचं काम कुठलं, अब्बा?"

मोहिद्दीनने सिमेंटवर बोट ठेवलं. "हे. तू बुजवलंस ते."

फहदचा चेहरा उतरला, हे खोटं नाही. पण शिकल्यासवरल्या पोराने लगेच हिशेब मांडला.

"सॉरी, अब्बा. आय डिडंट नो. बट टू डेज आहेत. यू कॅन डू इट अगेन, नो?"

"येईल की करता," मोहिद्दीन म्हणाला. "पण आता कोणासाठी करू?"